नऊ नंबरचे चौतीस पॉइंट

मला या तुलनांची शिसारी येते. नव्वदीतला शिकागोचा बास्केटबॉल संघ मोठा की त्यानंतर वीस वर्षांनी आलेला गोल्डन स्टेटचा, बहात्तर सामने जिंकून कप नेणारे मोठे की त्र्याहत्तर जिंकून फायनलला माती खाणारे, बोस्टनचे जुने लोक आजच्या वेगापुढे टिकले असते का. आयुष्यात घामाने चिंब झालेली बनियन पिळली नाही अशी माणसं तावातावाने भांडतात. त्या काळी हात लावून अडवायची मुभा होती, आता सगळे लांबूनच टाकतात, एक ना दोन. सगळ्या चांगल्या म्हशी एकाच गोठ्यात बांधल्या तर दूध जास्त येणारच, त्यात अक्कल कसली आली? तरी माणसं वर्षानुवर्षं म्हशी मोजत बसतात.

हे सगळं मला कसं ठाऊक, तर पंचवीस वर्षं मी बास्केटबॉलच्या कोर्टाशेजारी टेबलावर बसून स्कोअर लिहिला. वनमाला परब, अधिकृत स्कोअरर. नोकरी घाटकोपरच्या एका कंपनीत, टाइम ऑफिसला कारकून. कंपनी कधीच बंद पडली, तिथे आता टॉवर आहे. मी मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांत राहते, आणि माझ्या लोखंडी कपाटात त्या सगळ्या सामन्यांच्या शीट अजून आहेत. नवऱ्याच्या फोटोपेक्षा मी त्या जास्त जपल्या आहेत.

त्या शीट मागायला चैतन्य आला. सव्वीस वर्षांचा, मुलुंडचाच. व्यावसायिक बास्केटबॉलची जी नवी लीग निघाली आहे, तिच्यातल्या मुंबईच्या संघाकडे तो आकडेवारीचं काम करतो. मुलगा गोड बोलणारा.

"काकू, आमचा एक इव्हेंट आहे," तो म्हणाला. "तेव्हाचे स्टार विरुद्ध आत्ताचे स्टार. आमच्या टीममध्ये दोन अमेरिकन आहेत, पंजाबचा सात फुटी सेंटर आहे, सगळे तगडे. त्यांच्यासमोर तुमच्या कंपनीची ब्याण्णवची टीम ठेवायची. कॉम्प्युटर दहा हजार वेळा मॅच खेळवणार."

"आणि मग?"

"मग कळेल ना, कोण भारी ते."

मी त्याला चहा दिला आणि फाइल दिली. आमच्या कंपनीचा संघ तुलनेच्या लायकीचा होता, यात शंका नाही. लीग नव्हती तरी ते व्यावसायिकच होते. सकाळी नऊला मस्टरवर सही, अकरापर्यंत टेबलावर जांभया आणि दुपारी दोनपासून प्रॅक्टिस. कोणाला फाइल कशी लावतात ते माहीत नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं. संघ सांभाळणाऱ्या साहेबाने ठिकठिकाणहून चार मोठे खेळाडू उचलून आणले होते: केरळचा एक उंच सेंटर, नागपाड्याचा एक चपळ गार्ड आणि सैन्यदलातून आलेले दोघे. पेपरात त्यांना ताऱ्यांचा संघ म्हणायचे. पाचव्या जागी साहेबाच्या मर्जीतला, कंपनीतलाच एक माणूस होता, नंदू धुरी.

आठवड्याने चैतन्यचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

"काकू, नऊ नंबर. एन. धुरी. काय माणूस होता यार. आधीच्या साखळी मॅचेस बघा, दोन पॉइंट, चार पॉइंट, एकदा तर झीरो. आणि शेवटच्या तीन मॅचना सव्वीस, एकोणतीस, चौतीस. फायनलला चौतीस, काकू. मोठ्या मॅचला फुलणारा प्लेयर. कॉम्प्युटर त्याला दोन्ही टीमच्या सगळ्यांच्या वर टाकतोय. दहा हजारातल्या साडेपाच हजार मॅच तुमची टीम जिंकतेय, त्याच्या एकट्याच्या जिवावर."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आम्ही धुरीसरांना सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आमच्या टीमचे सल्लागार आहेत, तुम्हाला माहीत असेलच. तुम्ही पण स्टेजवर या. शीट खऱ्या आहेत असं तुमच्या तोंडून आलं पाहिजे."

मी येते म्हणाले. फोन ठेवला आणि चहाची कपबशी तशीच सिंकमध्ये टाकली, कपाचा कान तुटला. नंदूच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

खरं काय ते आता सांगते. कॉम्प्युटरला कळलं नाही, कारण त्याच्यापुढे कागद होता, आणि कागदावर लिहिणारी मी होते.

उपउपांत्य सामन्याच्या आठ दिवस आधी प्रॅक्टिसला नंदूचा घोटा मोडला. बदली खेळाडू नावालाच होते. आमच्या कोर्टाच्या मागे कॅन्टीन होतं आणि तिथे ठेक्यावर खंडू वाहुळे नावाचा माणूस होता. चोवीस वर्षांचा, जालन्याकडचा. दुपारी जेवणाची भांडी आवरली की तो कोर्टावर येऊन उभा राहायचा, आणि एखादा कमी असला की ते चौघे त्याला खेळायला घ्यायचे. असं चार वर्षं चाललं. तो डावखुरा होता. कुठूनही, कसाही उभा राहून डाव्या हाताने चेंडू सोडायचा आणि चेंडू आत जायचा. केरळचा तो सेंटर एकदा मला म्हणाला होता की आम्ही चौघे पगारी आहोत, खेळाडू हा आहे.

पण कंपन्यांच्या त्या स्पर्धेत फक्त कायम कामगारांना खेळता येत होतं. ठेक्यावरचा माणूस चालत नव्हता. मग साहेबाने त्या काळी सगळ्याच कंपन्या करायच्या ते केलं. नंदूचं ओळखपत्र खंडूच्या खिशात घातलं. नंदूच्या नऊ नंबरच्या जर्सीत खंडू उतरला आणि कागदावर एन. धुरीच राहिला. दाढी वाढवलेला नंदूचा जुना फोटो होता, खंडूला चार दिवस दाढी करू नकोस म्हणून सांगितलं, झालं काम. कोणी त्याला फसवणूक म्हणत नसे. कार्डावर खेळवणं म्हणायचे, बस.

अंधेरीच्या एका कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टावर फायनल झाली. सामन्याआधी पंच टेबलाशी आले. ओळखपत्रांचा गठ्ठा समोर ठेवून त्यांनी एकेक कार्ड पाहिलं. नंदूच्या कार्डाशी ते थांबले, खंडूकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मॅडम, तुम्ही याच कंपनीच्या ना? हाच का धुरी?"

मी म्हणाले, "हो."

साहेब मागेच उभा होता. नंदू माझा गाववाला, देवगडजवळच्या आमच्या वाडीतला, त्याच्या आईने मला पोहायला शिकवलेलं. आणि खंडूचं पण कल्याणच होतंय, त्याला कायम करायचं वचन आहे, असं मी स्वतःला समजावलं. स्वतःला समजावायला माणसाला कितीसा वेळ लागतो? त्या संध्याकाळी त्याचा बास्केट पडला की मी नऊचा आकडा लिहायची, तीन पॉइंटचा असला तर आकड्याभोवती गोल करायची. गोल करून करून माझं बोट दुखलं. आम्ही अठ्ठ्याहत्तर-चौऱ्याहत्तर जिंकलो. शीटच्या तळाशी मी सही केली.

साहेबाने वचन पाळलं. दोन वर्षांनी खंडू पॅकिंगला हेल्पर म्हणून कायम झाला. आणि ज्या दिवशी तो कायम झाला, त्याच दिवशी त्याला सांगण्यात आलं की कोर्टावर पाय ठेवायचा नाही. कारण सरळ होतं. तो खंडू वाहुळे म्हणून खेळायला उतरला असता तर पहिल्याच सामन्यात कोणीही ओळखलं असतं की हा तर गेल्या वेळचा धुरी. कप गेला असता, साहेबाची नोकरी गेली असती. डावा हात लपवता येत नाही. तेव्हा नाव देता येत नाही म्हणून त्याचा खेळच काढून घेतला. सव्वीस वर्षांचा होता तो.

नंदूही खेळला नाही पुन्हा. पायाच्या दुखापतीमुळे ऐन भरात निवृत्त झालेला महान खेळाडू म्हणून त्याचे सत्कार सुरू झाले. तिथून तो संघटनेत गेला, निवड समितीत गेला, आता या नव्या संघाचा सल्लागार झाला. आणि मी ही तेहेतीस वर्षं त्या सत्कारांना जाऊन दुसऱ्या रांगेत बसत आले.

यंदा मात्र मला ओकारी आली. म्हटलं, आता पुरे. रविवारी माइक हातात येणारच आहे, तेव्हा सांगून टाकायचं. ते चौतीस पॉइंट ज्याचे आहेत त्याच्या नावावर लावायचे. खंडूला विचारावं असं मनात आलं नाही असं नाही. पण इतक्या वर्षांत मी त्याच्या घराची पायरी चढले नव्हते, आता कोणत्या तोंडाने चढू, म्हणून राहू दिलं. शिवाय विचारायचं काय त्यात, कुठल्या माणसाला आपलं नाव नको असतं?

कार्यक्रम घाटकोपरच्या एका मॉलमध्ये होता. मधल्या चौकात रबराचं छोटं कोर्ट अंथरलं होतं, एक रिंग, समोर शंभरेक खुर्च्या. वर तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर माणसं आइस्क्रीम चाटत उभी. सगळीकडे पॉपकॉर्नच्या लोण्याचा वास मारत होता. आणि स्टेजमागच्या मोठ्या पडद्यावर नंदू. आजचा चेहरा घेऊन कॉम्प्युटरने त्याला तीस वर्षांचा केला होता, दंड फुगवले होते, नऊ नंबरची जर्सी घातली होती. खरा नंदू पडद्याखाली फोटो काढून घेत होता. त्रेसष्टाव्या वर्षी काळे कुळकुळीत केस, पोटावर ताणलेली तीच जर्सी, शर्टावरून घातलेली.

"वनमाला, इलंस? ये गो," तो म्हणाला. "बघ कसो दिसतंय."

"बघतेय," मी म्हणाले.

आसपासच्या पोरांना तो फायनलची गोष्ट सांगत होता. शेवटचं मिनिट, दोन माणसं अंगावर, घोट्यात कळ, तरी उडालो आणि सोडला. सांगताना त्याने उजवा हात वर नेला, मनगट वाकवलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं होतं की हा खोटं बोलतो. पण त्याच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हताच. त्याला तो बास्केट आठवत होता. प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून त्याने तो प्रेक्षकांच्या बाकावरून पाहिला होता, आणि इतक्या वर्षांत तो बाकावरून उठून कोर्टात गेला होता. खोटारडा माणूस परवडला, याची मला जास्त किळस आली.

खंडू तिसऱ्या रांगेत कडेला बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुडघ्यांवर दोन्ही हात. मला बघून तो उठला. मी त्याला तेव्हा अरे-तुरे करायचे, तो मला बाई म्हणायचा, ते अजून तसंच होतं, आणि दोघांनाही त्यात काही खटकलं नाही.

"खंडू, तू इथे कसा?"

"पोरीसाठी आलो, बाई. ती बघा संघमित्रा."

कोर्टावर लहान मुलामुलींना रांगेत उभं करून एक उंच, सडसडीत मुलगी शूट कसा घ्यायचा ते दाखवत होती. अंगावर मुंबईच्या संघाचा टी-शर्ट. खंडू सांगायला लागला. ती विद्यापीठाकडून खेळली, मग कोचिंगचा कोर्स केला, दोन वर्षं इथे तात्पुरती आहे. आता संघाची अकादमी मुलुंडला सुरू होतेय.

"मुख्य कोच म्हणून तिचं नाव लागलंय. मंगळवारी पत्र येतंय. धुरीसाहेबांनीच पुढं केलं नाव, सही पण त्यांचीच हाय." मग थोडं हसून म्हणाला, "घरातली पहिली पोर, जिच्या दारावर नावाची पाटी लागंल."

"तुझ्याकडूनच शिकली असणार."

त्याने आजूबाजूला पाहिलं. "मी काय शिकवणार? लहानपणी रिंगखाली उभा राहून बॉल परत द्यायचो, तेवढंच. तिला काही म्हाईत नाही, बाई."

संघमित्रा आली तेव्हा त्याने ओळख करून दिली. तीही तेच म्हणाली, हसत. "बाबांनी मला हजारो बॉल उचलून दिलेत काकू, पण स्वतः एक शूट मारला नाही कधी. म्हणतात मला येत नाही. कंपनीत इतकी भारी टीम होती आणि हे कॅन्टीनमध्ये."

 खंडूला आता तरी विचारायला हवं होतं. दहा मिनिटं होती. पण मला त्याचं ते हसणं बघवलं नाही, धुरीसाहेब म्हणताना त्याचा खाली गेलेला आवाज ऐकवला नाही, आणि रागाने माझं डोकं असं भणभणलं होतं की मी म्हटलं, आता तर बोललंच पाहिजे. पोरीला कळू दे तिचा बाप कोण होता. नंदूची काय टाप आहे सगळ्यांदेखत पोरीचं पत्र अडवायची, असंही मी धरून चालले. मला कोणी विचारलं असतं की हे सगळं तू कुणासाठी करतेस, तर मी छातीवर हात ठेवून खंडूचं नाव घेतलं असतं.

चैतन्यने माइक घेतला. आधी शिकागो आणि गोल्डन स्टेट झालं, लोकांनी हात वर करून मतं दिली, दोन मुलं एकमेकांवर ओरडली. मग आमचा संघ आणि त्यांचा संघ. पडद्यावर आकडे पळायला लागले. मग तो म्हणाला की हे सगळे आकडे ज्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले त्या वनमाला परब मॅडम आपल्यात आहेत. टाळ्या झाल्या. मी वर गेले.

"मॅडम, ह्या शीट खऱ्या आहेत ना?"

"आकडे खरे आहेत," मी म्हणाले. "नाव खोटं आहे."

चैतन्यला वाटलं मी गंमत करतेय, तो हसला. मी थांबले नाही. म्हणाले, शेवटच्या तिन्ही सामन्यांत नंदू धुरीचा पाय प्लास्टरमध्ये होता. त्याच्या कार्डावर दुसरा माणूस खेळला. सव्वीस, एकोणतीस आणि चौतीस त्याचे आहेत. त्याचं नाव खंडू वाहुळे आणि तो तिसऱ्या रांगेत पांढऱ्या शर्टात बसलाय.

 मग कठड्यांवरच्या लोकांनी मोबाइल वर केले. नंदू खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला. संघाचे दोन अधिकारी पुढच्या रांगेत होते, त्यांनी एकमेकांच्या कानात काही सांगितलं आणि दोघांनी वळून खंडूकडे न बघता संघमित्राकडे बघितलं. ते मी वरून स्पष्ट पाहिलं. तरी मला अजून वाटत होतं की आता खंडू उठेल, आणि सगळं नीट होईल.

चैतन्य माइक घेऊन खाली गेला. पोरगा हुशार, पण गांगरला होता. "काका, तुम्ही... मॅडम म्हणतात ते खरं आहे का?"

खंडू उठून उभा राहिला. हात जोडले.

"नाही साहेब. बाईंचा काहीतरी घोटाळा होतोय. मी कॅन्टीनला होतो. फायनलच्या दिवशी साडेतीनशे माणसांचं जेवण होतं, मला तर मॅच बघायला पण सोडलं नव्हतं. रात्री धुरीसाहेबांनी पेढा दिला, एवढं आठवतंय." त्याने जोडलेले हात खाली घेतले. "बॉल हातात धरायची आपली कुठं ऐपत."

लोक हसले. त्यांना ते साधं वाटलं, भाबडं वाटलं. चैतन्यने पाच मिनिटांची विश्रांती जाहीर केली आणि गाणं लावलं.

स्टेजच्या कापडामागे वायरींच्या भेंडोळ्यांवर पाय ठेवत नंदू माझ्याकडे आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं शिव्या देईल. तो रडवेला झाला होता.

"वनमाला, काय ह्यां करून ठेवलंस? ह्या वयात माका असो उघडो पाडतंस?"

"तू खेळला होतास, नंदू?"

त्याने जर्सी पोटावरून खाली ओढली.  मग आवाज बदलून म्हणाला, "ते लोक इचारतत, ही कोच त्याची पोरगी काय. म्हणतत लफड्यात पडाक नको, सध्या तिचा राहू दे. मी गप बसलंय अजून. तू परत जा आणि वयामुळे गल्लत झाली म्हणान सांग. खंडूच्या चेडवाचा काम मी करतंय. मंगळवारी पत्र देतंय तिच्या हातात. आईशपथ."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर माज्या हातात काय रवाचा नाय," तो म्हणाला, आणि नजर वळवली.

तेवढ्यात खंडू आत आला. नंदूला त्याने वाट दिली, भिंतीला पाठ लावून. नंदू निघून गेला. मी खंडूला म्हणाले, "तू का खोटं बोललास? मी तुझ्यासाठी बोलले."

"माझ्यासाठी?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "बाई, अंधेरीला पंचांनी कार्ड तुमच्यापुढं धरलं होतं. मी तुमच्या तोंडाकडं बघत उभा होतो. मनात म्हणत होतो, ही बाई नाही म्हणू दे. नाही म्हणाली तर आज खेळता येणार नाही, पण पुढं कधीतरी आपल्या नावानं खेळता येईल. तुम्ही हो म्हणालात."

 तो कधी हे मनात धरून असेल असं मला वाटलं नव्हतं. तो वचनावर खूश होता असंच मी तेहेतीस वर्षं धरून चालले होते. मी त्याला विचारलंच कधी होतं?

"मी काही मागत नाही माघारी," तो म्हणाला. "ते गेलं. मी पस्तिशीपर्यंत उडू शकत होतो, ते पण गेलं. आज तुमचं पोट साफ व्हायला पोरीचं पत्र घेऊ नका. एवढा शब्द फिरवा, बाई. पाया पडतो."

आणि तो खरंच वाकला. मी त्याचे खांदे धरले, दोन्ही हातांनी धरले, तेव्हा कुठे तो थांबला.

मी पुन्हा स्टेजवर गेले. चैतन्यने माइक दिला. पुढच्या रांगेतले दोघे अधिकारी माझ्याकडे बघत होते, नंदू मान खाली घालून बसला होता, आणि संघमित्रा कोर्टाच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी होती. मी म्हणाले, "माफ करा. वय झालं माझं. हल्ली माझी गल्लत होते, एकाचं दुसऱ्याला लावते. नऊ नंबर नंदू धुरीच होता. मी स्वतः लिहिलंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधीच्यापेक्षा जास्त वाजवल्या. म्हाताऱ्या बाईने चूक कबूल केली म्हणून वरच्या मजल्यावरून कोणी शिट्टीही मारली. चैतन्यने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माइकपासून तोंड लांब नेऊन म्हणाला, "टेन्शन नका घेऊ काकू, होतं असं. माझी आजी पण असंच करते."

मग मॅच झाली. पडद्यावर फुगलेल्या दंडांचा नंदू उजव्या हाताने बास्केट टाकत होता. आमचा संघ तीन पॉइंटनी जिंकला. कोण मोठा, कोणता काळ मोठा, ते एकदाचं सिद्ध झालं आणि लोक वडापाव घ्यायला गेले.

संघमित्रा धावत माझ्याकडे आली. पाण्याची बाटली उघडून तिने माझ्या हातात दिली, मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "काकू, चक्कर येतेय का? घरी कोण आहे तुमच्या? एकट्या जाऊ नका, मी रिक्षात बसवून देते." ती मोठ्याने, सावकाश, शब्द सुटे करून बोलत होती. डोकं फिरलेल्या माणसाशी बोलतात तसं. तिने माझ्यावर क्षणभरसुद्धा विश्वास ठेवला नव्हता. बापाने हजारो चेंडू उचलून दिले, त्याला शूट येत नाही, हे तिचं पक्कं होतं आणि आता ते मी माइकवरून कायमचं करून दिलं होतं. मी पाणी प्यायले. तिच्याकडे बघत सगळी बाटली संपवली.

ती रिक्षा बघायला पुढे गेली तेव्हा खंडू जवळ आला. त्याचा चेहरा निवळला होता, खांदे सैल झाले होते. त्याच्या अंगावरचं ओझं गेलं होतं हे कोणालाही दिसलं असतं.

"लई उपकार झाले, बाई," तो म्हणाला.

तेहेतीस वर्षांत त्याने माझे आभार मानले ते हे पहिल्यांदा, आणि मनापासून मानले.